कुजबूजच्या वतीने

"तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर तुमच्या वतीने कोण बोलेल?" असं नर्सने विचारलं आणि मी ब्लँक झाले. आमच्या धंद्यात याला हाच शब्द आहे. नट रंगमंचावर उभा असतो, समोर काळोखात माणसं बसलेली असतात, तोंड अर्धवट उघडं असतं आणि पुढचं वाक्य कुठेच नसतं. सगळं आयुष्य मी एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता धरायची आणि कुणी अडकला की त्याचं वाक्य त्याला हळूच पुरवायचं. किती जणांना मी ब्लँक होताना पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसलेही आहे. आता सर्दीने नाक लाल झालेली एक तरुण नर्स माझ्यासमोर बसली होती, तिने एक साधा प्रश्न विचारला होता, आणि मला एक नाव सुचत नव्हतं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. रुमाल रडणाऱ्यांसाठी ठेवलेले असावेत, पण तिथे नाक पुसत होती ती नर्सच. आजाराचं मला आधीच सांगून झालं होतं. अंडाशयात सुरू झालेला कॅन्सर पोटभर पसरला आहे, तो बरा होणारा नाही, औषधांनी काही काळ आवरून धरता येईल, हे डॉक्टरांनी समोर बसवून नीट सांगितलं होतं आणि मी ते पचवलंही होतं, निदान पचवलं असं मला वाटत होतं. मरणाचं ऐकून मी जेवढी गांगरले नव्हते तेवढी या प्रश्नाने गांगरले. नर्स समजावत होती: पुढे कधी तुम्ही शुद्धीत नसाल, गुंगीत असाल, तेव्हा आम्ही कुणाला विचारायचं? श्वासाचं मशीन लावायचं का, हृदय थांबलं तर छाती दाबायची का, इथे आणायचं की घरीच ठेवायचं. "तुमचं मन ज्याला माहीत आहे असं कुणीतरी," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझं मन मलाच धड माहीत नाही." ती हसली. त्यांना हसायला शिकवलेलं असतं. "घाई नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरही असतील, तेव्हा जे बोलणार त्यांना बरोबर घेऊन या." त्यांना म्हणजे कुणाला, हे तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही.

बाहेर पडले तेव्हा दुपार अंगावर आली. बसस्टॉपच्या बाकावर माझ्याशेजारी एक माणूस फोनवर कुणाला तरी घरची वाट सांगत होता, डावीकडे वळ, मग औषधांचं दुकान, मग जिना. मला त्याचा हेवा वाटला. पोट फुगल्यामुळे मला बाकावर नीट टेकता येत नव्हतं, म्हणून मी तिरकी बसले होते, आणि तिरकं बसल्यावर जग जसं दिसतं तसं मला बरं दिसतं, कारण मी ते कायम तसंच पाहिलं आहे. प्रेक्षकांना नटाचा चेहरा दिसतो. मला कान, मान, अर्धी पाठ. लोक म्हणतात चेहरा मनाचा आरसा. असेल, पण चेहऱ्याला नाटक करता येतं, पाठीला येत नाही. प्रॉम्प्टरचं खरं कसब वाक्य सांगण्यात नसतंच, ते कुणीही वाचून सांगेल. कसब हे ओळखण्यात की समोरचा गप्प झालाय तो विसरला म्हणून की थांबला म्हणून. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर तो बुडतो. थांबलेल्याला दिलं तर त्याने कमावलेला क्षण तुम्ही मातीत घालता, आणि मध्यंतरात तो तुम्हाला मेकअप रूममध्ये बोलावून जे काही ऐकवतो ते कुठल्याही संहितेत सापडणार नाही. ओळखायचं कसं, तर श्वासावरून. विसरलेल्या माणसाचा श्वास अडकतो. खांदे वर चढतात आणि तिथेच राहतात, बोटं कपड्याची कड शोधू लागतात. थांबलेल्याचा श्वास चालू असतो. खांदे वर, खांदे खाली, सावकाश. एवढंच. याच्या जोरावर मी आयुष्य काढलं. कंपनीत मला सगळे कुजबूज म्हणत. नवीन आलेल्या पोरांना माझं खरं नाव पगाराच्या दिवशी कळायचं. कुजबूज आज आली नाही तर नाटक होणार नाही, असं म्हणायचे, आणि टाळ्या पडल्या की सगळे हातात हात धरून पुढे जायचे. मी तेव्हा संहितेची पानं गोळा करत असायचे. याचं मला कधी वाईट वाटलं नाही असं मी सांगत आले. बस आली, गर्दी नव्हती, तरी मी उभीच राहिले, कारण बसलं की उठवत नाही.

राजे असते तर प्रश्नच नव्हता. राजे म्हणजे आमचे मोठे नट. उमेदीत इतके राजे रंगवले की रंग उतरला तरी नाव राहिलं. ते आणि मी एकमेकांशी नाटकाबाहेर फार बोलल्याचं आठवत नाही. पण त्यांची पाठ मला माझ्या हातापेक्षा जास्त ओळखीची होती. शेवटच्या वर्षांत ते विसरू लागले. आधी एखादा शब्द, मग वाक्य, मग पूर्ण प्रवेश. कंपनीत कुणाला कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. मी अर्धं वाक्य आधी सोडायचे, ते अर्ध्या श्वासाने मागून उचलायचे. एका नाटकात ते निवृत्त न्यायाधीश होते, आणि त्या नाटकाचा शेवटचा अंक त्यांनी महिनोन्महिने असा माझ्या तोंडून उचलून केला. वर्तमानपत्रात छापून आलं की आता त्यांच्या अभिनयात एक नवा संयम आला आहे, प्रत्येक शब्द जणू आतून कुठून तरी येतो. आतून नव्हे, बाजूने येत होता. ते कात्रण त्यांनी मला दाखवलं आणि भुवया उडवल्या, आम्ही दोघं पोट धरून हसलो. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी कुणाच्या सगळ्यात जवळ असेन तर ती त्या हसण्यात. मग एका सकाळी ते घरात कोसळले आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा नळी घशात, आणि शेजारी मशीन. मुलं परगावी होती, येतो येतो म्हणत होती, आणि तोवर कुणीही काही ठरवायला तयार नव्हतं. मी सवयीने बाजूला जाऊन उभी राहिले, पायाशी नाही, समोर नाही, खांद्याच्या रेषेत. आणि पाहिलं. छाती वर येत होती, खाली जात होती. वर, खाली, एकसारखी, घड्याळासारखी. मला काहीच कळेना. हा माणूस विसरलाय की थांबलाय? श्वास त्यांचा नव्हता, मशीनचा होता, आणि ज्या एका खुणेवर मी त्यांना इतकी वर्षं वाचत आले ती खूणच कुणी पुसून टाकली होती. मी वाकले आणि कानाशी त्यांचं पहिल्या प्रवेशातलं पहिलं वाक्य म्हटलं. वेडेपणाच, पण म्हटलं. त्यांनी उचललं नाही. ते तसेच आणखी बरेच दिवस होते, ना इकडे ना तिकडे, आणि मला रोज वाटायचं की आपण विंगेत बसलोय आणि आपल्याला नाटकच दिसत नाहीये.

म्हणजे मला काय नको हे मला ठाऊक होतं. बसमधून उतरून घराचा जिना चढताना, प्रत्येक वळणावर थांबून दम घेताना, ते मला अगदी स्पष्ट झालं. मला माझा श्वास माझाच हवा. अडकेल, धापेल, थांबेल, पण जो कुणी बाजूला बसलेला असेल त्याला बघून कळेल असा हवा. धाप लागली तर ती कमी वाटावी म्हणून औषध द्या, मी काही शूर वगैरे नाही. पण मशीन नको. एवढं साधं वाक्य. आयुष्यभर दुसऱ्यांची पल्लेदार भाषणं पुरवली आणि स्वतःचं म्हणून जे वाक्य सापडलं ते हे एवढंसं, आणि ते पुरवायला विंगेत कुणी नाही. मी दार उघडलं. एकट्या माणसाच्या घराला एक वास असतो, तो बाहेरून आल्यावर पहिल्या दोन श्वासांत येतो आणि मग नाहीसा होतो, म्हणजे तो जात नाही, आपण त्यात मिसळतो. चहाचा कप सकाळी ठेवला होता तिथेच होता. दुसरं कोण हलवणार? मी सोफ्यावर आडवी झाले आणि माणसं शोधू लागले. शेजारची बाई झाडांना पाणी घालते, भली आहे, पण तिला माझं आडनावही नीट येत नाही. कंपनीतली पोरं आता कानात यंत्र घालून काम करतात, प्रॉम्प्टर हा प्रकार त्यांनी पाहिलेला नाही. एक जुनी मैत्रीण आहे, तिचं स्वतःचंच आता मुलाला विचारून चालतं. बाकीच्यांचे नंबर फोनमध्ये आहेत, पण उचलायला ते नाहीत. इतक्या जणांना बुडताना मी हात दिला, आणि त्यांतला एकही असा नाही की ज्याने कधी वळून माझा श्वास पाहिला असेल. पाहणार कसा? मी पडद्याआड होते. बाईने स्वतःच निवडलेला काळोख, आणि आता म्हणे दिसत नाही. मला राग आला, आणि नेमका कुणाचा ते न कळल्यामुळे तो नर्सच्या सर्दीवर गेला. मग रडू आलं. संध्याकाळपर्यंत मी तशीच पडून होते आणि खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, थोडं मागे, अजून मागे, बस.

राहता राहिली धाकटी. माझी बहीण. तिला मी मुद्दामच शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती, कारण धाकटीला गप्पपणा सहन होत नाही. लहानपणापासून ती दुसऱ्याची वाक्यं पुरी करते, आणि चुकीची करते. मी म्हणायचे "आई, मला आज…" आणि धाकटी म्हणायची "बरं नाहीये, शाळेत जायचं नाहीये," तेव्हा मला खरं म्हणजे नवी वही हवी असायची. आई म्हणायची, बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, आणि माझ्याकडे बघायची. धाकटी पुढे शाळेत शिक्षिका झाली, म्हणजे तिच्या बडबडीला पगार मिळू लागला. नवरा अबोल मिळाला, तो गेल्यावर तिने त्याच्या वाटचंही बोलायला सुरुवात केली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दर दोन दिवसांनी फोन करते, आणि आजार कळल्यापासून तर रोज. पपईच्या पानांचा रस घे, अमक्याच्या तमक्याला उतार पडला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, हिंमत सोडू नकोस. मी फोन कानापासून हातभर लांब धरते आणि तरी ऐकू येतं. पण फोन लांब धरण्याचं खरं कारण आई. आईच्या शेवटच्या आजारात मी कंपनीबरोबर दौऱ्यावर होते, येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. आईच्या हातांवर सुयांचे काळेनिळे डाग होते, ओठ नळीने सोलले होते, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं की डॉक्टर विचारायचे आणि धाकटी प्रत्येक वेळी म्हणायची, सगळं करा, काय वाटेल ते करा. मी तिला त्यावर कधी काही बोलले नाही. मी कशावरच बोलत नाही. पण मनात पक्की गाठ होती की माझ्या वेळी ही बाई आसपास नको. आणि आता बघा, फिरून फिरून भोपळे चौकात.

मी फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली, कारण फोन तिनेच करायचा असा आमचा रिवाज होता. "काय झालं? ताप आहे? उलटी झाली? मी निघते." मी म्हटलं, "धाकटे, तू रविवारी ये. एक तालीम करायची आहे." "कसली तालीम? ताई, तू शुद्धीत आहेस ना?" "सध्या आहे. म्हणून तर."

ती आली ती सूप घेऊन, उशी घेऊन, कुठल्याशा काढ्याची बाटली घेऊन. दारातूनच बोलत आली आणि पुढची खोली ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत बोलत गेली. मी तिला सोफ्यापाशी खुर्चीवर बसवलं, समोर नाही, बाजूला. नर्सने काय विचारलं आणि मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय ते सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला तसा तिच्या बोलण्याचा वेग वाढला, असं काही होणार नाही, नवीन औषधं निघालीत, शुभ बोल नाऱ्या. मी म्हटलं, "ऐक. मी आडवी होणार. मी काही बोलणार नाही. तू समज मी डॉक्टर आहे आणि मी विचारतेय."

"आत्ता तर म्हणालीस बोलणार नाहीस."

"डॉक्टर म्हणून बोलणार. पेशंट म्हणून नाही."

"दोन्ही कामं तूच? दुसरं कुणी मिळालं नाही वाटतं कंपनीत?"

मला हसू आलं, आणि हसलं की पोटात कळ येते. मी विचारलं, "तुमच्या बहिणीला श्वास घेता येत नाहीये. आपण मशीन लावायचं का?" आणि डोळे मिटले. धाकटी एका दमात म्हणाली, "हो, लावा, सगळं करा." मी डोळे उघडले. "पुन्हा." तिला मी राजेंचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, विसरलेला आणि थांबलेला यांतला फरक सांगितला, आणि खांद्यांची खूण माझ्यावरच करून दाखवली: हे बघ, हा अडकलेला, आणि हा चालू. ती लहान मुलीसारखी बघत होती. मग पुन्हा. ती म्हणाली, "मशीन… म्हणजे तिला फारसं आवडणार नाही, पण अगदीच गरज असेल तर…" पुन्हा. तिसऱ्या वेळी तिने तोंड उघडलं आणि काहीच म्हणाली नाही. मला वाटलं अडकली, आणि मिटल्या डोळ्यांनीच मी पुटपुटले, "मशीन नको, असं ती म्हणाली होती." तिने ते उचललं, "मशीन नको, असं ती म्हणाली होती." पाठ केलेल्या कवितेसारखं. पुढचा प्रश्न, पुन्हा शांतता, पुन्हा मी पुरवलं. असं आणखी दोनतीनदा झालं आणि धाकटी उठून उभी राहिली.

"मग तूच बोल ना! मला कशाला नेमतेस?"

"मला तेव्हा बोलता येणार नाही म्हणून."

"आत्ता येतंय ना? मग आत्ता तरी मला बोलू दे! मी विचार करत होते गं. तू मला विचारसुद्धा करू देत नाहीस. माझं तोंड उघडायच्या आत तुझं वाक्य तयार." ती खिडकीशी गेली आणि तिकडूनच, माझ्याकडे पाठ करून, म्हणाली, "आणि आईचं तुझ्या मनात आहे ते मला माहीत आहे. इतकी वर्षं बोलली नाहीस, पण मला माहीत आहे. आईने मला काही सांगितलंच नव्हतं. एक अक्षर नाही. ते लोक रोज येऊन विचारायचे, मी एकटी. सगळं करा म्हणायला काही लागत नाही, ताई. नको म्हणायला माहिती लागते. मला कुणी दिली होती?"

इतकी वर्षं मी तिची बडबड ऐकत होते आणि समजत होते की हिला गप्पपणा सहन होत नाही. गप्पपणा मला सहन होत नव्हता. दुसऱ्याच्या तोंडातला गप्पपणा दिसला की त्यात वाक्य टाकायचं, याचेच तर मला पैसे मिळायचे. खिडकीपाशी तिची पाठ हलत होती, आणि ती रडतेय हे ओळखायला कुठलंही कसब लागत नव्हतं. मी म्हटलं, "धाकटे, सूप गार होतंय." ती म्हणाली, "होऊ दे." मग आली, सूप गरम केलं, आणि आम्ही दोघी ते प्यायलो. मीठ जास्त झालं होतं. मी तसं म्हटलं नाही. तालीम पुढे झालीच नाही. जाताना तिने उशी माझ्या पाठीमागे नीट लावली, काढ्याची बाटली परत पिशवीत टाकली, आणि दारात म्हणाली, "मी येते मंगळवारी. पण मला वाक्यं देऊ नकोस. जमेल?" मी मान हलवली. तिची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ऐकत राहिले, आणि ती गेल्यावर घराचा तो वास पुन्हा आला.

मंगळवारी डॉक्टरांच्या खोलीत त्यांची सोडून खुर्च्या दोनच होत्या. एकीवर धाकटी बसली, दुसरी नर्सने घेतली. तिची सर्दी बरी झाली होती. मला बसवत नव्हतं म्हणून मी भिंतीलगतच्या तपासणीच्या बाकावर कलंडले. तिथून मला धाकटीचा कान दिसत होता, मान आणि अर्धी पाठ. नेमकी माझी जागा. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, आवाज खालचा, बोलताना कागद चाळत नव्हत्या, हे मला आवडलं. त्यांनी आधी मला विचारलं, यांना तुम्ही नेमताय का, मी हो म्हटलं. मग त्या धाकटीकडे वळल्या. "समजा त्या शुद्धीत नाहीत. श्वास घ्यायला फार त्रास होतोय. आम्ही मशीन लावू शकतो, त्याने काही दिवस मिळतील, आजार तसाच राहील. त्यांना काय हवं असेल?"

धाकटीने तोंड उघडलं आणि थांबली. बाहेर कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेली. नर्सने माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलले, माझी जीभ जागेवर गेली, पहिला शब्द दातांच्या मागे येऊन उभा राहिला, सगळं अंग पुढे झुकलं. आयुष्यभराची सवय, तिला काय कळतंय की हे माझ्याच मरणाबद्दल चाललंय. आणि मी तिच्या पाठीकडे पाहिलं. खांद्यांच्या मधलं कापड वर येत होतं, खाली जात होतं. सावकाश. बोटं मांडीवर स्वस्थ. मी शब्द गिळला.

"मशीन नको म्हणेल ती," धाकटी म्हणाली. तिचा आवाज मला अनोळखी वाटला, कारण त्याला घाई नव्हती. "श्वास लागला तर औषध द्या. घाबरू देऊ नका तिला, ती घाबरली तरी सांगणार नाही. शक्यतो घरीच. आणि जो कुणी असेल त्याने तिच्या समोर बसायचं नाही, बाजूला बसायचं. समोर बसलेलं तिला चालत नाही." हे मी तिला सांगितलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ती पुन्हा थांबली, आणि या वेळी जास्त वेळ, आणि डॉक्टरही थांबल्या. "आणि एक. तेव्हा मी रडेन, आणि तुम्हाला म्हणेन की सगळं करा, काय वाटेल ते करा. ते ऐकू नका. ते मी बोलत असेन. ती नाही."

नर्सने रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला. मी बाकावर होते तशी होते. काहीतरी करावं म्हणून मी हातांनी पानं शोधली, मांडीवर काही नव्हतं. धाकटीच्या बोलण्यात माझं एकही वाक्य नव्हतं आणि एकही चूक नव्हती. नाटक माझ्याशिवाय पुढे गेलं होतं, आणि ते तसं पुढे जाणार होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खरोखर कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हा नव्हतं कळलं. मला भीती वाटली. पण त्या भीतीत इतके दिवस मी एकटी होते, आणि आता खोलीच्या मध्यावर, माझ्याकडे पाठ करून, आणखी एक जण तिच्यात बसलं होतं.

धाकटी वळली. नाक लाल, डोळे पाण्याने भरलेले. "चुकलं का गं काही?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग बोलत का नाहीस?"

"थांबलेय," मी म्हटलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या खांद्यांकडे बघत राहिली, मी शिकवलं होतं तसं, दोनतीन श्वास होईपर्यंत, आणि मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "ठीक आहे ती. पुढचं विचारा."